कुंपणाच्या सदाहरित झाडांचा आढावा: कोणतं लावावं, कोणतं नर्सरीतच सोडावं

बंगल्याच्या आवाराला आडोसा हवा म्हणून नर्सरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘लवकर वाढणारं देऊ का?’ खरेदी फसते ती इथेच. सहा फूट उंची बहुतेक झाडं आज ना उद्या गाठतात. अवघड असतं ते जमिनीलगतचे दोन फूट पानांनी भरलेले ठेवणं. रस्त्यावरून आतलं दिसतं ते याच फटीतून, आणि कुत्री-मांजरं शिरतात तीही इथूनच. जे झाड शेंड्याने वर धावतं, त्याचे खालचे डोळे फुटत नाहीत. वरची सावली पडली की बुंध्याजवळची पानं गळतात आणि तीन वर्षांनी उघड्या काड्यांच्या रांगेवर हिरवी टोपी तेवढी उरते. म्हणून हा आढावा घेताना उंचीला कमी आणि तीन गोष्टींना जास्त गुण दिले आहेत: खालून भरलेलं राहणं, मुळांनी भिंत-पाइप न छेडणं आणि एप्रिल-मेच्या उन्हात पानं टिकवणं.

कामिनी

शहरातल्या घरासाठी पहिली पसंती कामिनीलाच, म्हणजे काही जण जिला कुंती म्हणतात तिला. पानं लहान, गडद, तकतकीत. छाटणी कितीही सोसते, प्रत्येक कापाखाली दोन-तीन नवे फुटवे देते आणि अर्ध्या सावलीतही दाट राहते. मुळं भिंतीला त्रास देत नाहीत. पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा वास घरभर येतो, हा वरचा लाभ. कात्री सतत चालवली तर फुलं कमी येतात, एवढं मात्र धरून चाला.

उणीव वेगाची. पहिली दोन वर्षं कामिनी फारशी हलत नाही. एक-दीड फुटाच्या रोपाचं सहा फुटी कुंपण व्हायला साधारण चार वर्षं द्यावी लागतात. घाई असलेले लोक इथे कंटाळतात आणि पुढे ज्याचा पश्चात्ताप होईल असं झाड घेऊन येतात.

दुसरी अडचण चुनखडीच्या काळ्या जमिनीत येते. नवी पालवी पिवळी पडते, शिरा मात्र हिरव्याच राहतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) जास्त असल्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. अशा वेळी युरिया टाकून काही होत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. जमिनीतून द्यायचं असेल तर दुकानात मिळणारं साधं ईडीटीए चिलेट (झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) चुनखडीत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं लोह मागा. महाग असतं, पण काम करतं. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर मात्र कारण वेगळं. तिथे बहुधा पाणी साचलेलं असतं किंवा नत्र कमी पडलेलं असतं.

एक ताकीद नागपूर, अमरावती, जालना या संत्रा-मोसंबीच्या पट्ट्यासाठी. कामिनी लिंबाच्या कुळातली आहे. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कामिनीच्या कोवळ्या पालवीवर मजेत वाढते. छाटलेल्या कुंपणाला वर्षभर पालवी असते, म्हणजे किडीची बारमाही सोय. बाग जवळ असेल तर कामिनी लावूच नका. अंगणात एखादंच लिंबाचं झाड असेल तर कामिनीची पालवी दर पंधरवड्याला पाहावी लागेल.

कोयनेल

वर्षभरात आडोसा हवा, खिशाला भार नको आणि माळी दर महिन्याला येणार असेल, तर कोयनेलसारखं झाड नाही. पावसाळ्यात पेन्सिलच्या जाडीचे वीतभर तुकडे अर्धे मातीत खोचले की बहुतेक लागतात. पानं कडू, त्यामुळे शेळ्या तोंड लावत नाहीत. मूळची ही समुद्रकाठची वनस्पती. खारा वारा आणि खारं पाणी दोन्ही सोसते, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांना कामिनीच्याही आधी कोयनेल सुचवावी. खाऱ्या वाऱ्याने करपलेली कामिनी किनाऱ्यावर जागोजाग दिसते, कोयनेल तशी दिसत नाही.

पण तिच्या अंगात आळस नाही. जून ते ऑक्टोबर दर तीन-चार आठवड्यांनी कात्री लागते. दोन छाटण्या चुकल्या की लांब काड्या वेलीसारख्या आडव्या पडतात आणि मधे पोकळी होते. शेजाऱ्याच्या आवारात वाकलेल्या फांद्या जमिनीला टेकून मुळं धरतात, त्याचे वाद वेगळे.

मेंदी आणि ड्युरांटा

खरी मेंदी म्हणजे जिच्या पानांनी हात रंगतात ती. देशावरच्या कोरडवाहू भागातलं हे जुनं, खात्रीचं कुंपण. मुरमाड जमिनीत, तुटपुंज्या पाण्यावर तग धरते, जून फांद्यांना काटे येतात, गुरं सहसा आत घुसत नाहीत. पण तिला सदाहरित म्हणणं धाडसाचं आहे. पाणी तोडलं की मार्चनंतर पानं झडतात आणि नेमकं सुट्टीच्या दिवसांत आवार उघडं पडतं. आठवड्याला एक खोल पाणी मिळणार असेल तरच आडोशासाठी घ्या. सावलीत तर घेऊच नका.

सोनेरी ड्युरांटा प्रत्येक नर्सरीत दारातच ठेवलेली असते, स्वस्त असते आणि दिसते छान. तिचं काम गुडघ्या-मांडीएवढी कड आखण्याचं. आडोशासाठी तिला उंच वाढवलं तर ती विस्कटते, आणि उन्हाचे सहा तास मिळाले नाहीत तर सोनेरी रंग जाऊन फिकट हिरवी होते. हिरवी ड्युरांटा दहा फुटांपर्यंत जाते आणि काटेरी असते. दोन्हींची पिवळी फळं विषारी आहेत, लहान मुलं असलेल्या घरात फळं धरण्याआधीच छाटणी व्हायला हवी.

करवंद

फार्महाउस, शेतघर, डोंगरउतारावरचा प्लॉट, जिथे नजरेपेक्षा गुरं आणि माणसं अडवायची आहेत, तिथे करवंद. दुहेरी काटे, चामड्यासारखी पानं, भर मेमध्येही हिरवा रंग. शिवाय वैशाख-ज्येष्ठात करवंदं. आपल्या सह्याद्रीचं हे झाड असताना लोक परदेशी झुडपांना पाण्याचे टँकर घालतात, याचं वाईट वाटतं. बी ताजंच पेरावं लागतं. फळातून काढून वाळवून ठेवलेलं बी लवकर निकामी होतं, म्हणून जूनमध्ये फळं मिळतील तेव्हाच पिशव्या भरा. रोपं अडीच ते तीन फुटांवर लावा. वाढ संथ आहे, चौथ्या-पाचव्या वर्षी कुंपण बसतं, मग मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. छाटताना जाड कातडी हातमोजे घाला. पायवाटेच्या आणि मुलांच्या खेळण्याच्या बाजूला लावू नका.

बांबू

शेजारच्या पहिल्या मजल्यावरची खिडकी झाकायची असेल तर वर सांगितलेली झुडपं पुरी पडत नाहीत, तिथे बांबू उपयोगी पडतो. कुंपणासाठी बांबुसा मल्टिप्लेक्स (बारीक काठ्यांचा, बुडापासून पानं असलेला) किंवा थायरसोस्टॅकिस सियामेन्सिस (सरळ, घट्ट बेटाचा) यांपैकी एक मागा आणि बेटाने वाढणारा आहे ना, हे विचारून घ्या. आपल्या नर्सरीत ‘गोल्डन बांबू’ म्हणून मिळणारा पिवळा, हिरव्या रेघांचा बांबू सहसा बांबुसा व्हल्गॅरिस असतो. तो पळत नाही, पण मनगटाएवढ्या जाड काठ्यांचं मोठं बेट करतो, दोन फुटांच्या वाफ्यात मावत नाही. अमेरिकन संकेतस्थळांवर गोल्डन बांबूने अंगण उखडल्याच्या कहाण्या असतात, ती जात वेगळी, जमिनीखालून पळणारी.

रोपं तीन ते चार फुटांवर लावा आणि वाफा किमान तीन फूट रुंद ठेवा. नवे कोंब पावसाळ्यात येतात. नको त्या जागी आलेला कोंब गुडघ्याएवढा असताना पायाने ढकलला तरी मोडतो, दोन महिन्यांनी त्याला करवत लागते. तीन वर्षांहून जुन्या काठ्या पावसाळा सरल्यावर बुडातून काढा, नाहीतर बेटाच्या पोटात वाळकं साचतं. पानगळ भरपूर असते. पन्हळी आणि पाण्याच्या टाकीचं झाकण यांपासून बेट लांब ठेवा.

अरेका पाम हा याचाच लहान, सोपा पर्याय, विशेषतः गच्चीवर कुंड्यांत. पाच-सहा फुटी तयार रोप आणलं की त्याच दिवशी आडोसा. मात्र बोअरचं क्षारयुक्त पाणी दिलं तर पानांची टोकं करपतात, दुपारच्या थेट उन्हात पान पिवळं पडतं, आणि उंची कमी करायला शेंडा कापला तर ते खोड मरतं. पामला कात्री लावायची ती फक्त वाळल्या पानांपुरती.

नर्सरीतच सोडावीत अशी

कोनोकार्पस. पाच-सहा वर्षांमागे हायवेच्या दुभाजकांपासून सोसायट्यांपर्यंत सगळीकडे लावला गेला, कारण वर्षाला पाच-सहा फूट वाढतो आणि हिरवागार राहतो. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याची लागवड आणि रोपनिर्मिती बंद केली. परागकणांमुळे होणारी सर्दी, खोकला, दमा आणि केबल-पाइपमध्ये शिरणारी मुळं ही कारणं दिली होती. घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर असं झाड लावणं हा जाणूनबुजून घेतलेला धोका आहे. कोणी ‘कापून लहान ठेवा, काही होत नाही’ म्हणेल. वरून कापल्याने मुळं थांबत नाहीत.

फायकसच्या कुंडीतल्या सगळ्या जाती, पांडा असो की बेंजामिना, जमिनीत गेल्या की वडा-पिंपळाच्या भाऊबंद असल्याचं दाखवतात. भूमिगत टाकी, ड्रेनेजचे सिमेंट पाइप, कंपाउंडचा पाया यांच्या भेगांत मुळं शिरतात. शिवाय फुलकिड्यांमुळे पानं शेंगेसारखी मिटतात आणि कीड आत सुरक्षित राहते, वरून फवारलेलं पोहोचत नाही. मिटलेली पानं तोडून जाळणं हाच उपाय. कुंडीत ठेवा, जमिनीत नको.

खोटा अशोक उंच इमारतीलगत शोभतो, पण कुंपण म्हणून तो उभ्या खांबांची रांग होतो, मधल्या फटी भरत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला फळं पिकली की रात्री वटवाघळं येतात आणि खाली उभ्या गाड्यांची काय अवस्था होते ते पुण्यातल्या कोणत्याही जुन्या सोसायटीत विचारा. मोरपंखी महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत बरी, मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड लागून आतून तपकिरी होते, आणि एकदा हिरव्या भागाच्या आत, उघड्या लाकडापर्यंत कापली तर तिथून पुन्हा फुटत नाही. कण्हेर चिवट आहे, सुंदर आहे, पण पान-फूल-खोड सगळं जीवघेणं विषारी. गुरांच्या वाटेवर आणि शाळेच्या आवारात नको.

रोप पारखताना

उंच रोप घेऊ नका. एक ते दीड फूट, बुडापासून तीन-चार फांद्या असलेलं रोप तीन फुटी एकदांडी रोपाला दोन वर्षांत मागे टाकतं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर पडलं असेल तर रोप पिशवीत फार दिवस राहिलं आहे, मुळं आत गोल फिरली असणार. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात स्थानिक रोपं भरपूर मिळतात, पण तिथेही आणि इतरत्रही आंध्रातल्या कडियमहून आलेला माल असतो. त्याच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गड्डा असतो. तो तसाच काळ्या मातीत ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं, गड्डा आत कोरडा राहतो, आणि बाहेरची माती ओली असूनही रोप वाळतं. लावण्याआधी पिशवीसकट पंधरा-वीस मिनिटं पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, पिशवी कापा आणि गड्ड्याचा बाहेरचा अर्धा इंच थर बोटांनी सैल करा. फिरलेली मुळं उभी चिरा. सगळी माती झाडून मुळं उघडी करू नका.

दर विचारताना उंचीबरोबर पिशवीचा आकारही विचारा. तीच कामिनी चार इंची आणि आठ इंची पिशवीत वेगळ्या किमतीला असते, आणि लहान पिशवीतलं उंच रोप हा सर्वांत वाईट सौदा. मोजणीपेक्षा दहा टक्के रोपं जास्त घ्या आणि कुंड्यांत वाढवा. वर्षाने एखादं मेलं तर त्याच वयाचं रोप हाताशी असतं.

चर, अंतर, पाणी

उदाहरणार्थ, चाळीस फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर म्हणजे १२० घनफूट, जवळपास सव्वा ब्रास. त्यात दोन भाग पोयटा माती आणि एक भाग मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, शिवाय रोपागणिक मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत वासावरून ओळखा. वास येत असेल, आत गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि ऑगस्टमध्ये चांगली वाढणारी रोपं एकेक करून माना टाकतात. ओढली की मुळांशिवाय हातात येतात.

माती भरण्याआधी चर पाण्याने भरून पाहा. चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तर कामिनी तिथे कुजेल, वाफा नऊ इंच ते फूटभर उंच करावा लागेल. तळाला खडी टाकून हे सुटत नाही, पाणी तिथे साठून राहतं.

रांगेचा मध्य भिंतीपासून दोन फूट सोडा. माणसाला मागे शिरून छाटता आलं नाही तर ती बाजू कायमची वाया जाते. कामिनी आणि कोयनेल एकेरी रांगेत दीड फुटावर, म्हणजे चाळीस फुटांना सत्तावीस रोपं. जागा असेल तर दोन रांगा नागमोडी, रोपांत दोन फूट, रांगांत दीड फूट. खालची फट यात लवकर बुजते. नर्सरीवाले एक फुटाचं अंतर सांगतात, त्यात त्यांची रोपं जास्त खपतात आणि तुमची रोपं एकमेकांची सावली धरून खालून उघडी पडतात.

लागवड देशावर आणि विदर्भात पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलै. कोकणात जुलैच्या झडीत कोवळी मुळं कुजतात, तिथे जूनचा पहिला आठवडा साधा नाहीतर सप्टेंबर. ठिबक असेल तर १६ मिलिमीटरच्या नळीवर रोपागणिक ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर, पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड तासभर ते दीड तास. रोज दहा मिनिटांचं पाणी मुळांना वरच राहायची सवय लावतं. पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन टाका, बुंध्याला मात्र टेकू देऊ नका.

कात्री

सगळ्यांत कठीण काप पहिला, कारण तो मनाविरुद्ध असतो. रोप दीड फुटाचं झालं की एक फुटावर कापा. नवे फुटवे सहा-आठ इंच आले की त्यांतले अर्धे कापा. पहिली दोन वर्षं हेच. बाजूंनाही आकार द्या, खाली रुंद आणि वर अरुंद: सहा फुटी कुंपणाला तळाशी अडीच फूट आणि माथ्याला दीड फूट. दोन खुंट्या आणि सुतळी बांधून कापलं तरच ही रेघ राखली जाते. बहुतेक माळी उभी भिंत कापतात किंवा वरचा भाग रुंद सोडतात, मग खाली ऊन पोहोचत नाही. जोराची छाटणी जूनमध्ये, दुसरी ऑक्टोबरात, फेब्रुवारीत हलका हात. एप्रिल-मेमध्ये कात्री बंद, कारण आतली कोवळी पानं उघडी पडून एका दुपारीत भाजतात.

छाटताना पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल दिसली तर हात थांबवू नका. ड्युरांटा आणि कोयनेलवर ती वारंवार येते. नुसती ओढून काढली तर शोषमुळांचे तुकडे फांदीत राहतात आणि पुन्हा फुटतात. फांदीसकट कापा, फुलं येण्याआधी, आणि तो कचरा कंपोस्टमध्ये न टाकता जाळा. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांची रांग तोडा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली साबणाचं पाणी, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

जुनं कुंपण खालून उघडं पडलंच असेल तर नवीन रोपं मधे खुपसून भागत नाही, मोठ्या मुळांच्या गर्दीत ती जगत नाहीत. कामिनी, कोयनेल, ड्युरांटा यांना जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर एक बाजू बुंध्याच्या वीतभर जवळपर्यंत कापा, दुसरी बाजू तशीच ठेवा म्हणजे झाडाला खायला पानं राहतात आणि आडोसाही पूर्ण जात नाही. जाड कापांवर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावा, दर तीन फुटांना घमेलंभर कंपोस्ट द्या. जुन्या लाकडावर महिनाभरात डोळे फुटतात. त्यांतले चार-पाच ठेवून बाकीचे चोळून काढा, आणि दुसरी बाजू पुढच्या जूनला.